तारलीच्या थव्याला पुढारी नसतो

समुद्रात तारलीचा थवा फिरतो तेव्हा हजारो मासे एका क्षणात एकाच बाजूला वळतात आणि एकमेकांवर आपटत नाहीत. शाळेत परिपाठाच्या रांगा सरळ करायला आम्हा तीन शिक्षकांना शिट्टी वाजवावी लागते, तरी शेवटची मुले वाकडीच! मग या माशांना हुकूम देतो कोण?

कोणीच नाही. प्रत्येक मासा फक्त जवळच्या शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतो. शेजारी फार जवळ आला तर थोडे सरकायचे, तो वळेल तिकडे वळायचे, आणि अंतर पडू लागले तर जवळ जायचे. 1987 साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी एवढेच तीन नियम संगणकात घातले आणि पडद्यावर खोट्या पाखरांचा हुबेहूब थवा उडू लागला. पूर्ण थव्याचा नकाशा कोणा एकाच्या डोक्यात असण्याची गरजच नसते.

शेजारी काय करतो हे डोळ्यांनी दिसते, हे उघड आहे. पण 1976 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी कॉडच्या कुळातल्या सेद माशांच्या डोळ्यांवर काही काळापुरती झापडे बसवली आणि त्यांना गोल टाकीत फिरणाऱ्या 25 डोळस माशांबरोबर सोडले. आंधळे झालेले मासे थव्यात मिसळले आणि आपली जागा राखून पोहू लागले. ज्यांची झापडे बसवून पार्श्वरेखाही तोडली होती, त्यांना मात्र ते जमले नाही.

पार्श्वरेखा म्हणजे पाण्याची हालचाल ओळखणारे इंद्रिय. घरी अख्खी सुरमई आणलीत तर मुलांना जरूर दाखवा. डोक्यामागून निघालेली बारीक रेघ पाठीवरचा दुसरा पर संपतो तिथे एकदम खाली वळते आणि शेपटीकडे जाते. तारलीच्या अंगावर मात्र ही रेघ शोधू नका, तिचे हे इंद्रिय डोक्याच्या भागातच असते.

थव्यात राहण्याचा फायदा काय? शिकारी गोंधळतो. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माकूळ आणि पाईक यांसारखे शिकारी एकट्या माशावर झडप घालत तेव्हा बहुतेक वेळा यशस्वी होत. समोर थवा आला की त्यांची झडप फुकट जाण्याचे प्रमाण वाढे, कारण चमकणाऱ्या इतक्या अंगांमधून एकच निवडून त्याचा पाठलाग करणे कठीण होते. त्याहून मला नवल वाटते ते 2013 च्या एका प्रयोगाचे. गोड्या पाण्यातल्या लहान माशांना सावली आवडते. टाकीत फिरती सावली पाडली तर एकटा मासा ती नीट शोधू शकत नव्हता, मोठा थवा शोधत होता. प्रत्येक मासा एवढेच करी की अंधारात जरा हळू पोही. सावलीतले मासे हळू झाले की उजेडातले त्यांच्या भोवती वळत आणि सगळा थवा सावलीत जाई. दिशा कोणालाच ठाऊक नव्हती!

मोठ्या माशापासून वाचवणारी ही सवय जाळ्यापुढे मात्र घातक ठरते. पर्ससीन जाळे थव्याभोवती गोल टाकतात आणि खालचा दोर ओढून बटव्यासारखे तोंड आवळतात. विखुरलेल्या माशांसाठी असे जाळे कुचकामी, पण घट्ट थवा एका फेरीत उचलला जातो. यातला मोठा धोका चटकन दिसत नाही. मासे कमी झाले तरी उरलेले एकत्र येऊन थवाच करतात आणि यंत्र तो थवा शोधून देते. त्यामुळे जाळे भरलेले येत राहते आणि समुद्र रिकामा होत असल्याचे कळत नाही.

पेरूमध्ये हेच घडले. 1970 साली तिथे अँकोव्हेटा या छोट्या माशाचे उत्पादन एक कोटी टनांच्या वर गेले होते. 1972 मध्ये एल निनोमुळे समुद्र तापला, मासे किनाऱ्याजवळच्या उरलेल्या थंड पाण्यात दाटीने जमले आणि सुरुवातीला बोटी भरभरून आल्या. 1973 चे उत्पादन 20 लाख टनांच्या आसपास उतरले.

आपल्याकडे केरळात 2012 साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली, 2021 मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. सगळा दोष जाळ्यांवर टाकता येणार नाही. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचे थंड, खनिजांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली त्यांवर जगते. हे गणित बिघडले की मासा घटतो. पण घटलेल्या माशावर तेवढेच जाळे पडले तर तो सावरणार कसा?

महाराष्ट्राने 2016 साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने 2017 साली एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यावर बंदी आणली. तरी भांडण मिटलेले नाही. कोकणात पारंपरिक जाळेवाले आपल्यातले आहेत आणि पर्ससीनवालेही, त्यामुळे हा विषय कधी कधी एकाच दस्तरखानावर पेटतो. मला रापण ओढणाऱ्यांची बाजू जास्त पटते, कारण त्यांचे जाळे किनाऱ्यापाशीच राहते. कर्ज काढून बोट घेतलेल्याची चिंताही मात्र खोटी नाही.

केरळात 10 सेंटिमीटरपेक्षा लहान तारली पकडायला मनाई आहे. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी 15 सेंटिमीटरची असते. बाजारातून आणलेली तारली धुण्याआधी तिच्याशेजारी ठेवून बघा, आणि फारच लहान निघाली तर पुढच्या वेळी मासेवालीला विचारा की ही कुठल्या बोटीची.