पराया नव्हे, 'पराया'!

वाचकहो, आजचा इंग्रजी शब्द पाहा. त्याचं स्पेलिंग आहे पी, ए, आर, आय, ए, एच. शेवटचा 'एच' उच्चारायचा नाही, म्हणून कानाला तो थेट हिंदीतला 'पराया' वाटतो. अर्थही जवळचा आहे: सगळ्यांनी वाळीत टाकलेला माणूस किंवा देश. तरी या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही.

इंग्रजी शब्द आला आहे तमिळमधून. 'परै' म्हणजे आपल्या हलगीसारखं चामड्याचं वाद्य. ते सणाला वाजतं आणि अंत्ययात्रेतही. बहुतेक शब्दकोशांच्या मते, ते वाजवणारे म्हणून 'परैयर'. हे एका समाजाचं नाव आहे, आणि तमिळनाडूत हा समाज आजही आहे. गावाने त्यांना अस्पृश्य ठरवलं. युरोपियनांनी हा शब्द उचलला आणि पुढे त्याचा अर्थच 'बहिष्कृत' करून टाकला. इंग्रजांनी तर आपल्या गावठी कुत्र्यालाही हेच नाव दिलं. 'परिया डॉग' आपण अजूनही सहज म्हणतो, नाही का?

सर्वात विचित्र वापर बातम्यांमध्ये दिसतो. वर्णभेद चालवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेवर जगाने बहिष्कार टाकला, तेव्हा तिला 'पराया स्टेट' म्हटलं गेलं. म्हणजे भेदभाव करणाऱ्याला नाव दिलं ते भेदभाव सोसणाऱ्यांचं!

हे नाव अभिमानाने मिरवणारेही झाले. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी 1893 मध्ये मद्रासमध्ये तमिळ नियतकालिक काढलं आणि त्याचं नावच ठेवलं 'परैयन'. पुढे 1930 मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबरीने अस्पृश्यांची बाजू मांडायला तेच होते. बाबासाहेबांनीही 1927 मध्ये आपल्या मराठी पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं होतं. मला 'बहिष्कृत' हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. तो उच्चारला की बहिष्कार टाकणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

इंग्रजी पेपरात हा शब्द भेटला तर अर्थ कळायलाच हवा. परीक्षेत विचारला तर उत्तरही बिनधास्त लिहा. मात्र स्वतःच्या निबंधात 'आउटकास्ट' वापरा, किंवा सरळ 'आयसोलेटेड' लिहा. गुण तेवढेच मिळतील.