तडजोड एकाची, बोजा दोघांचा

थकलेल्या कर्जाची तडजोड मंजूर झाल्याचं पत्र हातात पडलं, पहिला हप्ता भरला, पावती खिशात घातली, की आपला शेतकरी बंधू घरी येऊन सांगतो, "मिटलं एकदाचं!" घरातली माणसंही सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मिटलं ते कुणाचं? तडजोडीच्या पत्रावर नाव कुणाचं आहे आणि मूळ कर्जाच्या कागदावर सह्या कुणाकुणाच्या होत्या, हे त्या दिवशी कुणी ताडून बघत नाही. पुढे दोन हप्ते चुकले आणि दारात नोटीस आली, म्हणजे मग कारभारणीला कळतं की आपलंही नाव त्यात होतं.

थेरगावचंच बघा. पवनेकाठचं हे गाव महापालिकेत गेलं आणि शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा गावांतल्या घराला आता एकाच प्रकारचं कर्ज राहिलेलं नाही. मावळात किंवा मुळशीत थोडी जमीन असेल तर तिथल्या सोसायटीचं पीककर्ज, टेम्पोसाठी फायनान्स कंपनीचं, भाड्याच्या खोल्या बांधायला पतसंस्थेचं. कुठे नवरा कर्जदार आणि बायको जामीनदार, कुठे दोघं सहकर्जदार, तर कुठे घर तिच्या नावावर म्हणून गहाणखतावर तिची सही. आणि तडजोडीला जातो तो एकटा नवरा!

आमचं म्हणणं एवढंच आहे, की तडजोडीच्या अर्जावर सही करण्याआधी नवरा-बायकोनं एकत्र बसून सगळे कागद उघडावेत आणि बायको त्या कर्जात नेमकी कोण आहे ते ठरवावं. त्यातून तीनच उत्तरं निघतात, आणि तिन्हींची वाट वेगळी आहे.

ती सहकर्जदार असेल तर 1872 च्या करार कायद्याची कलमं 43 आणि 44 लक्षात ठेवा. दोघांनी मिळून कर्ज घेतलं असेल तर सगळी रक्कम कुणा एकाकडूनही मागता येते, आणि धनकोनं एकाला मोकळं केलं म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. संपूर्ण खातंच भरून बंद झालं तर प्रश्न मिटला. पण पत्र फक्त नवऱ्याच्या नावे असेल, तर "सहकर्जदारासह सर्वांची जबाबदारी संपली" हे वाक्य त्यात लिहून घ्या. तोंडी शब्दावर विसंबू नका.

ती जामीनदार असेल तर कलम 128 प्रमाणे तिची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, कमी नसते. जामीनदाराला न विचारता धनकोनं कर्जदाराशी तडजोड केली तर जामीनदार सुटतो, असं कलम 135 म्हणतं खरं. पण छापील जामीनखतात हा हक्क सोडून दिल्याचं कलम बहुधा आधीच घातलेलं असतं. त्यामुळे त्या भरवशावर राहू नये. सहकारी संस्थांना 1960 च्या सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळतो, आणि तो जामीनदारावरही चालतो. शिवाय हप्ता चुकला तर तडजोड रद्द आणि मूळ रक्कम कायम, ही अट पत्रात असते. ती अट दोघांनीही वाचलेली असावी.

ती यातली कुणीच नसेल, तर तिला बाहेरच राहू द्या. केवळ बायको आहे म्हणून नवऱ्याचं कर्ज तिच्या अंगावर येत नाही. तिचे दागिने, तिच्या नावची जागा तिची स्वतःची. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 14 तेच सांगतं. 1992 च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय झाली. त्या नावानं ती कर्जदार होत नाही, पण जमिनीवर आधीचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबर राहतो. तडजोडीच्या वेळी मात्र "वहिनींची पण एक सही घ्या, नुसती पद्धत आहे" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. त्या एका सहीनं कर्जात नसलेली बाई कर्जात येते. सही करायचीच असेल तर तिनं कागद वाचून, समजून, स्वतःच्या मर्जीनं करावी.

नवरा-बायकोचा हिशेब एक धरायचा की दोन, हे सरकारी योजनांतही बदलत गेलं. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली तेव्हा नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरलं, आणि दीड लाखाची मर्यादा सगळ्यांना मिळून होती. वरची रक्कम आधी भरावी लागे. म्हणजे बायकोच्या खात्यामुळे नवऱ्याचा हिशेब बदलायचा. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं कर्ज धरताना शेतकरी व्यक्ती म्हणून मोजला. जोडपं तेच, पण नियम फिरला की गणित फिरलं. म्हणून शेजाऱ्याचं कसं झालं ते ऐकून आपला अर्ज भरू नये.

काही जण म्हणतात, सरळ नादारी घ्यावी. तिथेही हेच तत्त्व आहे. 1920 च्या नादारी कायद्याच्या कलम 44 प्रमाणे नादार माणूस सुटला तरी त्याच्याबरोबर बांधलेला सहकर्जदार किंवा जामीनदार सुटत नाही. नवऱ्याची नादारी म्हणजे बायकोची सुटका नव्हे.

"बाईच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा" म्हणून पुष्कळ जण घरी बोलत नाहीत. हेतू वाईट नसतो. पण न सांगितल्यानं ताप टळत नाही, उलट व्याजासकट वाढून येतो.

गटसचिव, पतसंस्थांचे व्यवस्थापक आणि सरपंच यांनाही एक विनंती आहे. तडजोडीच्या बैठकीला कर्जदाराबरोबर सहकर्जदार आणि जामीनदारालाही बोलवा. पत्र मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. पैसे पूर्ण भरल्यावर बेबाकी दाखला सर्वांच्या नावांनिशी द्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला पत्रही त्याच दिवशी द्या. पाव तासाचं काम आहे, पण त्यानं एखाद्या घरातली पुढची जप्ती वाचेल.

कर्ज काढताना बायकोची सही लागली होती ना? मग ते मिटवताना तिला शेजारी बसवायला लाज कसली?