सुट्टी लांब हवी की आखूड?

गेल्या रविवारी मुले वर्गात आणि आम्ही पालक बाहेर चहा घेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला. इथे न्यू जर्सीत जूनच्या शेवटी शाळा बंद होतात त्या लेबर डेच्या सुमारास उघडतात. म्हणजे जवळजवळ दहा आठवडे! "ही शेतीच्या काळातली पद्धत. आता कोणाची मुले शेतावर जातात?" असे एकजण म्हणाले.

शेतीची ही गोष्ट आपण सगळेच ऐकतो, पण ती खरी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खेड्यांत शाळा बंद असत त्या पेरणीला आणि कापणीला. ऐन उन्हाळ्यात शाळा भरत. लांब सुट्टी आली ती शहरांमुळे. तिथला उकाडा सोसेना आणि सधन कुटुंबे थंड हवेच्या गावी राहायला जात. म्हणजे ही सुट्टी कामासाठी नव्हतीच, दुसऱ्या जागी जाऊन राहण्यासाठी होती.

सुट्टीचे तोटे मला मान्य आहेत. आईबाबा दोघे नोकरीवर, त्यामुळे कँपच्या फीने नाकी नऊ येतात. शिवाय मुले विसरतात. आमचा धाकटा गेल्या सप्टेंबरात 'ज्ञ' पाहून माझ्या तोंडाकडे बघत बसला!

तरीही मी लांब सुट्टीच्या बाजूने आहे. साधा हिशेब करा. आपला वर्ग दोन तासांचा. वर्षाचे ३० रविवार धरले तर ६० तास मराठी. आजीकडे पाच आठवडे राहिले, दिवसाचे दहाच तास धरले, तरी ३५० तास!

२०२३ साली आमची थोरली पाच आठवडे साताऱ्याला होती. आंबे संपलेले, भावंडांच्या शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या, बाहेर पाऊस. ती रडकुंडीला आली. पण घरात उरली आजी. तिच्याबरोबर भाजी निवडायची, दुकानात जायचे. दोन आठवडे आमची बाई इंग्रजीतच उत्तरे देत होती. चौथ्या आठवड्यात ती चुलतभावाशी चक्क मराठीत भांडली. मुलांचे भांडण मराठीत झाले की भाषा आली असे समजावे! सुट्टी तीन आठवड्यांची असती तर हे भांडण झालेच नसते.

दरवर्षी भारतात जाणे सगळ्यांना परवडत नाही, आम्हालाही नाही. उन्हाळ्यात तिकिटे फार महाग असतात. मग आजी-आजोबांना इकडे बोलवावे. तेही जमत नसेल तर निदान दोन आठवडे कँपशिवाय मोकळे ठेवावेत आणि घरात मराठीच बोलावे. मुले कंटाळतील. कंटाळू द्या, कंटाळली की बोलायला येतात.

आणि मुलांनो, सुट्टीत काय केलेत ते एक पान मराठीत लिहून सप्टेंबरच्या पहिल्या वर्गाला घेऊन या. आमचा धाकटाही लिहिणार आहे, 'ज्ञ'सकट!

— एक पालक