‘क्वाएट’ म्हणजे शांत नव्हे

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी हेवर्ड्स हीथ या गावावर लेख लिहिला होता. दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये, लंडन-ब्रायटन रेल्वेमार्गावरचं हे गाव. माझी मावसबहीण तिथे राहते आणि तिच्याकडे मी तीन आठवडे होते. लेखात मी गावातल्या दुपारीला ‘शुकशुकाट’ म्हटलं होतं, सकाळच्या गाडीतल्या माणसांना ‘गप्प’ म्हटलं होतं आणि एका जुन्या इमारतीला ‘मुकी’. लेख छापून आला तेव्हा तिन्ही ठिकाणी ‘शांत’ हा शब्द होता. शीर्षकही बदललं होतं: ‘इंग्लंडमधलं एक शांत, टुमदार गाव’. मी संपादकांना फोन केला. ते अगदी सौजन्यानं म्हणाले, ‘अहो, दिवाळीत वाचकाला प्रसन्न वाटायला हवं ना!’

भांडण त्या एका संपादकांशी नाही. त्यांनी केलं ते आपण सगळेच करत आलो आहोत. वीस वर्षं भाषांतरं करताना मीही ‘क्वाएट’ दिसला की ‘शांत’ लिहून पुढे जात होते. हिंदी, गुजराती, बांगला, कन्नडमध्ये भाषांतर करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणीही हेच करतात. एकच तत्सम शब्द सगळ्यांच्या कोशात तयार आहे, त्यामुळे विचार करायची वेळच येत नाही. या पानांचा वाचक चार भाषांत वाचणारा आहे, म्हणून ही तक्रार इथे मांडते. ‘क्वाएट’ म्हणजे शांत नव्हे. आणि इंग्लंडच्या छोट्या गावांबद्दल आपल्या भाषांत जे गोड, गुळगुळीत लेखन होतं, त्याचं मूळ बऱ्याच अंशी या एका चुकीत आहे.

इंग्रजीत हा शब्द किती साधा आहे ते पाहा. दुकानात गिऱ्हाईक नसेल तर दुकान क्वाएट. रुग्णालयात रात्री कुणी दाखल झालं नाही तर रात्र क्वाएट. बैठकीत बोलणारा माणूस अचानक बोलेनासा झाला तर तोही क्वाएट. आणि घरविक्रीच्या जाहिरातीत, रस्ता जिथे संपतो तिथलं घर क्वाएट, म्हणून त्याची किंमत जास्त. या शब्दात आवाजाचा अभाव आहे, स्तुती नाही. आपल्याकडे ‘शांत’ म्हटलं की सोबत एक परंपरा चालत येते. भरताच्या आठ रसांना नववा म्हणून जोडला गेलेला हा रस. अभिनवगुप्तानं त्याची बाजू किती हिरिरीनं लढवली हे काव्यशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्षोभ ओलांडून माणूस जिथे पोहोचतो ती ही अवस्था. घरांच्या जाहिरातीतल्या एका गुणाला आपण ही पदवी बहाल करतो, आणि मग त्या गावाला काही विचारायची सोयच उरत नाही. शांत माणसाला कोण उलटतपासणीला उभं करतं?

आता गावाकडे येते.

हेवर्ड्स हीथ जुनं नाही. ‘हीथ’ म्हणजे माळरान, आणि १८४१पूर्वी तिथे मुख्यतः तेच होतं. जुनी गावं बाजूची, लिंडफील्ड आणि ककफील्ड. त्या लोकांना आगगाडी दारात नको होती, म्हणून रूळ मधल्या माळावरून गेले असं सांगतात. जुलै १८४१मध्ये लंडनहून गाडी इथवर आली, सप्टेंबरात ती पुढे ब्रायटनला पोहोचली, आणि स्टेशनाभोवती गाव जमत गेलं. लंडनकडून येताना गावाच्या थोडं आधी ऊझ नदीच्या खोऱ्यावरचा ३७ कमानींचा विटांचा पूल लागतो. तो इतका देखणा आहे की लोक मुद्दाम खाली शेतात जाऊन त्याचे फोटो काढतात. गाडीत बसलेल्याला मात्र तो दिसत नाही.

म्हणजे हे गाव आवाजातून जन्मलं आहे, तेही आगगाडीच्या. आजही ते गाडीवरच जगतं. भावजी सकाळी साडेसहाला घर सोडतात. मी दोनदा त्यांच्याबरोबर लंडनला गेले. फलाटावर माणसं ठरलेल्या जागी उभी असतात, कारण डब्याचं दार कुठे येणार हे त्यांना पाठ असतं. अंबरनाथ-बदलापूरच्या प्रवाशाला हे सांगायला नको. पण तिकडे गाडीत भजन असतं, भांडण असतं, भाजी निवडणं असतं. इथे पाऊण तास कुणी कुणाशी बोलत नाही. भावजी म्हणाले, ‘समोरच्या माणसाला सहा वर्षं बघतोय. नाव माहीत नाही.’ वर्षाच्या पासाला हजारो पौंड मोजून मिळणारी ही सोबत. हिला शांत म्हणणं ही थट्टा आहे. ही माणसं गप्प आहेत. ‘गप्प’मध्ये बोलू शकणारा माणूस उरतो, न बोलण्याचं काहीतरी कारण उरतं. ‘शांत’मध्ये दोन्ही विरघळून जातं.

ती गेली की गावात शुकशुकाट होतो. हा शब्द मी चवीसाठी वापरला नव्हता. शुकशुकाट म्हणजे इथे कुणीतरी होतं, आता नाही. कमावणारे निघून गेल्यावर मागे म्हातारी माणसं, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आणि त्या म्हाताऱ्यांची काळजी घेणारे लोक उरतात. बसमध्ये मला एक केरळची बाई भेटली. वृद्धाश्रमात रात्रपाळी करून घरी चालली होती. माझा चेहरा पाहून तिनं हिंदीत सुरुवात केली. गाव कसं वाटतं, असं मी विचारलं. ‘क्वाएट है,’ ती म्हणाली, ‘दिन में नींद अच्छी आती है.’ तीन आठवड्यांत त्या गावाविषयी इतकं नेमकं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. तिनं शब्द भाषांतरित केला नाही, आणि बरोबर केलं.

गावाबाहेरच्या हिरवाईचंही असंच. दक्षिणेला साउथ डाउन्सच्या गवताळ टेकड्या, त्यांच्यापलीकडे समुद्र. आपले प्रवासलेखक इथे ‘निसर्गाचं वरदान’ लिहितात. वरदान कसलं? १९४७च्या नगररचना कायद्यानंतर इंग्लंडमध्ये स्वतःच्या जमिनीवरही परवानगीशिवाय बांधता येत नाही. साउथ डाउन्सला २०१० साली राष्ट्रीय उद्यान केलं, तेही कित्येक वर्षांच्या वादांनंतर. आजही आसपासच्या गावांत नव्या घरांच्या योजनांना विरोध करणारे फलक कुंपणांवर दिसतात. आणि घरं नाहीत म्हणून पोरांना दूर जावं लागतं, अशी तक्रार त्याच कुंपणाआडची माणसं करतात. ती हिरवळ हा एका न संपलेल्या भांडणाचा निकाल आहे. ती सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. ताईबरोबर त्या पायवाटांवर मी मैलोन्‌मैल चालले आणि निवांत झाले. निवांत हाही आपलाच शब्द, आणि तो वापरताना निवांत कोण झालं हे सांगावं लागतं. निवांत मी झाले. टेकडी नाही.

मुकी इमारत म्हणजे गावाच्या दक्षिणेकडचा वेड्यांचा दवाखाना. १८५९मध्ये ससेक्स परगण्यासाठी तो बांधला. पुढे नाव बदललं आणि १९९५मध्ये तो बंद झाला. आता तिथे फ्लॅट आहेत. रंगीत विटांची लांबलचक, भव्य इमारत, समोर हिरवळ, वर मोकळं आकाश. ज्या मोकळेपणासाठी तेव्हा रोग्यांना इथे आणलं, तोच मोकळेपणा आता घरांबरोबर विकला जातो. जवळजवळ एकशे चाळीस वर्षं त्या भिंतींच्या आत माणसं काय बोलत होती, ओरडत होती, याचा बाहेर मागमूस नाही. माझ्या ‘मुकी’वर काट मारून तिथे ‘शांत’ घातला गेला तेव्हा मला खरा राग आला.

आणि आता गोडबोल्यांकडे येते. त्यांच्याविषयी त्या लेखात मी लिहिलं नव्हतं, तेव्हा पुरेसं वाचलंही नव्हतं.

हेवर्ड्स हीथहून दक्षिणेला गाडीनं वीस मिनिटांत ब्रायटन, म्हणजे समुद्र. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून जखमी हिंदी सैनिकांना इथे आणत. घुमट आणि मिनार मिरवणाऱ्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात एक रुग्णालय होतं आणि त्याचे फोटो जगभर मिरवले गेले. दुसरं मोठं रुग्णालय गरिबांना कामाला जुंपण्यासाठी बांधलेल्या इमारतीत होतं; त्याला किचनेरचं नाव दिलं होतं. त्याच्याभोवती काटेरी तारा होत्या, पहारा होता आणि हिंदी कर्मचाऱ्यांना मोकळेपणानं बाहेर पडायची परवानगी नव्हती. १९१५मध्ये तिथल्या जगू गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जननं रुग्णालयप्रमुख कर्नल सीटन यांच्यावर या बंदिवासाच्या चिडीतून पिस्तूल चालवलं. सीटन वाचले, गोडबोल्यांना तुरुंगवास झाला.

तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला मला एक गोडबोले शिकवले गेले होते. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’मधले, १९२४चे प्राध्यापक गोडबोले. दख्खनी ब्राह्मण, कृष्णाचं गाणं म्हणणारे, सरळ प्रश्नाला कधीही सरळ उत्तर न देणारे, कशानंही विचलित न होणारे. शांत. त्यांच्यावर मी वीस पानांचा निबंध लिहिला होता. त्याआधी नऊच वर्षं, इंग्लंडच्या किनाऱ्यावर, त्याच आडनावाच्या एका हाडामांसाच्या माणसानं शांत राहायला नकार दिला होता, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पिस्तूल चालवणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ‘शांत’ गोडबोले अभ्यासक्रमात आले आणि दुसरे आले नाहीत, हा योगायोग नाही. आपल्यालाही पहिलेच आवडले.

ब्रायटनच्या उत्तरेला, पॅचमच्या वरच्या टेकडीवर, तिथल्या रुग्णालयांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं. तिथे पांढऱ्या संगमरवरी घुमटाची छत्री आहे. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. फेब्रुवारी १९२१मध्ये तिचं अनावरण झालं. ५३ नावांची भिंत मात्र २०१०मध्ये उभी राहिली. तिथवर मोटार जात नाही, चालत जावं लागतं. भोवती मेंढरं चरतात, खालून महामार्गाचा आवाज येत राहतो. मी नावं मोठ्यानं वाचली. माणसांची नावं सामसुमीत वाचली की आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो.

त्या सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचत असे. मूळ पत्रं टपालानं पुढे गेली आणि बहुतेक हरवली. मागे राहिले ते सेन्सॉरच्या अहवालासाठी केलेले इंग्रजी उतारे, आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे त्या माणसांचा जो काही आवाज शिल्लक आहे तो भाषांतर आहे, आणि तेही त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी केलेलं. तरी त्या भाषांतरकारांनी काम चोख केलं. सैनिक काळी मिरी, लाल मिरी असं सांकेतिक लिहीत, तर त्यांनी ती मिरी जशीच्या तशी ठेवली आणि म्हणून आज आपल्याला ती वाचता येते. एखाद्या प्रसन्नतावादी संपादकानं तिथे ‘मसाले’ करून टाकलं असतं तर?

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला: ‘शांत’चा अर्थ आता बदलला आहे, कर्जत-बदलापूरच्या फ्लॅटच्या जाहिरातीतही ‘शांत, निसर्गरम्य परिसर’ असतोच. असतो. तो इंग्रजी जाहिरातपत्रकाचं भाषांतर करणाऱ्यानं आणला आहे. जाहिरातीनं केलेली चूक साहित्यानं उचलायची का? दुसरा आक्षेप: प्रत्येक इंग्रज गावात साम्राज्य शोधत फिरायलाच हवं का? मुळीच नको. तेही तितकंच आळशी लेखन आहे. त्यालाही गाव दिसत नाही, सकाळची गाडी दिसत नाही, रात्रपाळीची बाई दिसत नाही. पुलंनी ‘अपूर्वाई’त निदान स्वतःच्या भाबडेपणाला हसून घेतलं होतं. नंतरच्या कित्येकांनी भाबडेपणा ठेवला आणि हसणं सोडलं.

मी फार मागत नाही. शुकशुकाट, सामसूम, गप्प, मुकं, निवांत, निजानीज: हे शब्द मराठीत आहेत आणि प्रत्येक वेगळी गोष्ट सांगतो. तुमच्या भाषेतही असतील. पुढच्या वेळी ‘क्वाएट’ समोर आला तर कोशाकडे जाण्याआधी त्या ठिकाणी कोण नाही, आणि का नाही, एवढं पाहा. शब्द आपोआप सापडेल.

तो जुना लेख आता एका संग्रहात येतो आहे. मी तिन्ही शब्द परत घातले आहेत आणि शीर्षक साधं ‘हेवर्ड्स हीथ’ ठेवलं आहे. गोडबोल्यांवर चार पानं वाढवली आहेत. या वेळी प्रुफं मी स्वतः तपासणार आहे.