बळदातले कागद
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावातल्या मोठ्या वाड्याविषयी लहानपणापासून एकच सांगणे होते : दिवे लागल्यानंतर तिकडे फिरकायचे नाही. मागच्या बळदात धन पुरलेले आहे, त्यावर नाग बसलेला आहे आणि अमावास्येला आतून कोणी रुपये मोजल्याचा आवाज येतो, असे म्हणत. आवाज स्वतः ऐकलेला माणूस मात्र मला आजवर भेटला नाही. ज्याने ऐकला तो नेहमी शेजारच्या गावचा निघे. माझ्या जन्माच्या आधीपासून वाडा बंद होता. माळवदावर गवत, दिंडी दरवाज्याला गंजलेले कुलूप, आत वटवाघळांचे राज्य. भीती वाटायला एवढे पुरे होते.

गेल्या उन्हाळ्यात मालकांच्या शहरातल्या मुलाने वाड्याची दुरुस्ती काढली. लग्नकार्यांना आणि पर्यटकांना तो भाड्याने द्यायचा बेत आहे. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. परीक्षा संपल्यावर मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो, कारण या वर्षाची फी तिथूनच निघायची होती.

वाचकहो, ते काम पाहण्यासारखे होते, हे आधी कबूल करतो. मिस्त्रीने सिमेंटला साफ नकार दिला. जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंट लिंपले की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत खचते, असे तो म्हणे. म्हणून चुना बरेच दिवस भिजत घातला, त्यात वाळू, गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी घातले. सागवानी खांबांवर खडूने आकडे घातले, एकाची जागा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. तुटकी नक्षी जुळवायला लांबून सुतार आणला. लाकडाचा एवढा मान मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

मग एक दिवस बळद उघडले. सगळे गडी काम टाकून आले. एकाने नारळही आणला होता. आत निघाले काय, तर वटवाघळांची घाण, एक मोडका पाळणा आणि कागदांनी भरलेली लाकडी पेटी. गडी हिरमुसले. पेटी तेवढी झाळून घेतली गेली, कारण ती शिसवी होती. कागद बाहेर ओतले आणि दुसऱ्या दिवसापासून चहाची चूल त्यांवर पेटू लागली. चार दिवस मीही तो चहा प्यालो. पाचव्या दिवशी एका कागदाच्या तळाशी काढलेले लहानसे वर्तुळ दिसले. का कोण जाणे, मी तो खिशात घातला. नंतर मालकांना विचारून उरलेले कागदही घरी नेले. "रद्दीच आहे, ने," ते म्हणाले. माणूस वाईट नाही.

कागद मोडीत. कॉलेज उघडल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांनी तो वाचून दाखवला. गहाणखत होते, शके १८४०, कार्तिक महिन्यातले. म्हणजे १९१८ साल. त्या वर्षी पाऊस गेला होता आणि वर मानमोडीची साथ आली होती. देशात लाखो माणसे मेली. लिहून देणार एक बाई. साठ रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, गहाण तीन एकर जिरायत. ते वर्तुळ म्हणजे बांगडी. अक्षरशून्य कुणबी सहीच्या जागी नांगर काढी, बाईची निशाणी बांगडी. बाईचे नाव ऐकून मी गप्प झालो. ती माझ्या आजोबांची आजी. तिचा नवरा त्याच साथीत गेला, एवढे आमच्या घरात ठाऊक होते. शेत कसे गेले, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आता माझे म्हणणे. वाड्याच्या दारात इतिहासाचा फलक लागणार आहे. त्याचा मजकूर मी पाहिला. मूळ पुरुषाचा पराक्रम आहे, इनाम आहे, कोणत्या सणाला किती पान उठे तेही आहे. कर्जाचा शब्द नाही. मग ते सागवान, ते घडीव जोते कशावर उभे राहिले? १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या दिवशी मी तिथे असतो तर काडी मीही लावली असती. तो कागद तेव्हा गळ्यातला फास होता. आज तो फास नाही, आमच्या माणसांचा तेवढाच लेखी पुरावा आहे. आमच्यासारख्यांच्या घरी ना बखर, ना वंशावळ. खापरपणजीच्या हाताची एकच खूण जगात उरली आणि ती सावकाराच्या पेटीत उरली. ती चुलीत घालून खांबांना मात्र तेलपाणी करायचे, याला मी जीर्णोद्धार म्हणणार नाही.

वडिलांना हे पटत नाही. "त्यांच्या कामावर आपली चूल पेटते. उकरून काय मिळणार? गाव म्हणेल, यांना जमीन पाहिजे." त्यांची भीती खोटी नाही. पण ते शेत आज वाड्याचेही नाही, मधे दोनदा विकले गेले. मला जमीन नको. उरलेले कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जाणत्या ठिकाणी द्यावेत, त्यांतले एक खत काचेत घालून ओसरीवर लावावे आणि फलकावर दोन ओळी वाढवाव्यात, एवढेच मी मालकांना पत्राने कळवले आहे. लग्नाच्या वऱ्हाडाला त्याने अपशकुन होईल, असे त्यांचे कोणी नातेवाईक म्हणाल्याचे कानावर आले. बळदातल्या नागाची गोष्ट मात्र पर्यटकांना आवडेल म्हणून ती फलकावर घेणार आहेत!

पत्राचे उत्तर अजून नाही. फलक रंगवणारा आमच्याच गल्लीतला आहे. दिवाळीच्या आत मजकूर पक्का करून द्या, नंतर मला सवड नाही, असे त्याने मालकांना सांगितले आहे.