खरखर पुसणाऱ्यांनो, जरा थांबा

कर्जत-खालापूरकडच्या घरांत माळ्यावर अजून कॅसेटी सापडतात. कुणाच्या काकांनी हळदीला वाजवलेला बेंजो, कुणाच्या आजीने गायलेले धवले, कुणा हौशी पोराने स्वतः चाल लावलेली चार गाणी. सापडली की पुढचं ठरलेलं असतं. टेपसमोर मोबाइल धरायचा, फाइल एआयच्या अ‍ॅपमध्ये टाकायची, आवाज ‘क्लीन’ करायचा, खाली बीट चिकटवायचा आणि ‘रीमास्टर्ड’ म्हणून रील टाकायची. वाजवणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘पारंपरिक’. कॅसेट भंगारात. याला आपण जुनी गाणी वाचवणं म्हणतो. माझ्या मते हे माणूस मारून त्याचा फोटो भिंतीला लावणं आहे.

‘त्या खरखरीत काय ठेवलंय?’ असं विचाराल, तर बरंच काही. विजेवर चालणाऱ्या टेपमध्ये रेकॉर्ड करताना पुष्कळदा एक बारीक घुंघुं आवाज गाण्याखाली उतरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो आवाजही ५० च्या आसपासचा किंवा त्याच्या दुपटीचा. आज कॅसेट वाजवताना तोच ४७ वर ऐकू आला, तर टेप हळू फिरतेय असा संशय घ्यायचा. म्हणजे काळी एकमध्ये गायलेलं गाणं तुम्ही पांढरी एकमध्ये ऐकताय, आणि काकांचा आवाजही आहे त्यापेक्षा जाड लागतोय. नव्वदच्या दशकात विजेची वारंवारता बरीच वरखाली व्हायची, त्यामुळे हा एकच पुरावा पुरत नाही. पण गाण्यात कॅसिओ वाजत असेल तर दुसरा साक्षीदार मिळाला, कारण त्याचे सूर कारखान्यातूनच ठरून आलेले असतात. दोन्ही जुळवा, गाणं आपल्या पट्टीत परत येतं. तुमचं अ‍ॅप सगळ्यात आधी काय पुसतं? तीच घुंघुं.

आवाजाच्या असल्या बारीकसारीक माहितीचं वेड असणाऱ्यांना आपण हसतो. ‘याचा उपयोग काय?’ उपयोग असा. आपण ज्याला बेंजो म्हणतो, त्याचा अमेरिकन बँजोशी फक्त नावापुरता संबंध. हे बुलबुल तरंग, जपानच्या ताइशोगोतोचं भावंड. नागोया शहरात १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून ते बनलं. आपल्याकडे त्याला पिकअप लागला, अ‍ॅम्प्लिफायर लागला, आणि वरातीतला तो फाटका, किणकिणता आवाज जन्माला आला. तो फाटलेपणा म्हणजेच बेंजो. हे ज्याला माहीत आहे, तो तो आवाज दुरुस्त करायला जाणार नाही. बोलणं स्वच्छ करण्यासाठी बनवलेल्या अ‍ॅपला मात्र ते कळत नाही. त्याच्या लेखी माणसाचा शब्द तेवढा कामाचा, बाकी बेंजो, ढोल, सगळा कचरा.

कुणी म्हणेल, लोकांना ऐकवायचं तर आवाज स्वच्छ हवाच. करा की! पण कॉपीवर करा. मूळ तसंच ठेवा, आणि नाव लिहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ने २०१७ पासून त्या ऑनलाइन आणल्या. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव येतं. दळणाऱ्या बाईला जो मान मिळाला, तो तुमच्या काकांना का नको? त्यांनी लावलेली चाल ‘पारंपरिक’ कशी झाली?

आणि पार्श्वभूमीचा आवाज? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. वाचलेली माणसं खाली आली, पण ती घरं, ती अंगणं परत येणार नाहीत. अशा वाडीत कधीकाळी मोबाइलवर घेतलेलं एखादं गाणं समजा. गाण्यामागे पत्र्यावरचा पाऊस, कोंबडा, लांबून कुणाला तरी मारलेली हाक. अ‍ॅपच्या मते हा सगळा ‘नॉइज’. पण ज्याचं घर गेलं, त्याला विचारा, यातलं काय काढून टाकू?

दरड सांगून येत नाही, आणि कोकणच्या पावसात कॅसेटला लागणारी बुरशीही थांबत नाही. म्हणून हे आत्ता करा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवायची घाई करू नका, जाणत्याला दाखवा. टेपसमोर फोन धरू नका, हेडफोनच्या भोकातून वायर थेट कॉम्प्युटरला जोडा. फाइल वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्री नंतर करा. कोण गातंय, कोण वाजवतंय, कुठल्या गावात, कुणाच्या हळदीला, साधारण कुठलं साल, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. आणि गाणारा हयात असेल, तर अपलोड करण्याआधी त्याची परवानगी घ्या.

यात लाइक्स मिळणार नाहीत. पण पन्नास वर्षांनी कुणी ते ऐकलं, तर त्याला काका ऐकू येतील, तुमचं अ‍ॅप नाही.