वाऱ्याचा जोर पाण्यावरून



वारा डोळ्यांना दिसत नाही, त्याचे काम दिसते. उभा गहू किती लवला यावरून आपण बांधावरूनच त्याचा जोर ओळखतो. उपग्रह समुद्रावर हेच करतात.

आपल्या देशाने २३ सप्टेंबर २००९ रोजी ओशनसॅट-२ हा उपग्रह सोडला. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून तो समुद्रावर तिरप्या सूक्ष्मलहरी सोडी. पाणी शांत असेल, तर आरशावरच्या उन्हासारख्या त्या पलीकडे निघून जातात. वाऱ्याने पाण्यावर एक-दोन सेंटिमीटरच्या बारीक लाटा उठल्या, की काही लहरी माघारी येतात. वारा जितका जास्त, तितके पाणी खडबडीत आणि माघारी येणाऱ्या लहरीही जास्त. रात्र असो की ढग, हे काम थांबत नाही.

अडचण येते ती मोठ्या वादळात. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, की पुढे वारा वाढला तरी माघारी येणाऱ्या लहरी फारशा वाढत नाहीत. त्यात मुसळधार पाऊस त्या बिघडवतो. या एकाच मापावर विसंबले, तर वादळ आहे त्यापेक्षा सौम्य वाटेल.

यावर फेसाने वाट दाखवली. युरोपने नोव्हेंबर २००९ मध्ये सोडलेला स्मॉस हा उपग्रह स्वतः काहीच सोडत नाही. समुद्रातून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्मलहरी तो टिपतो. साध्या पाण्यापेक्षा फेसाळ पाण्यातून त्या जास्त निघतात, आणि वारा वाढेल तसा फेसही वाढतो. तो टिपतो त्या लहरी २१ सेंटिमीटर लांबीच्या असल्याने पाऊस त्यांना फारसा अडवत नाही. मात्र त्याला चाळीसेक किलोमीटरचा पट्टा एकाच ठिपक्यासारखा दिसतो. बारकावे कळत नाहीत. म्हणून एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते.

हे आपल्याला दूरचे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि वर्षानुवर्षे जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. उभे झाड हलवता येत नाही. पण माणसे, गुरे, होड्या आणि घरात आलेले धान्य वेळेवर हलवता येते.

तेव्हा इशाऱ्यातला आकडा लहान वाटला, तरी निर्धास्त राहू नका. समुद्रावरचा वारा मोजणे अवघड असते. आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. इशारा मिळताच तयार माल उतरवा, गुरे पक्क्या आडोशाला न्या आणि घरातली माणसे सुरक्षित जागी हलवा.